गुळाचं फूल उभं राहत नाही

साखर पुरेशी बारीक झाली की नाही, हे जोतीराम डोळ्यांनी ठरवत नसे. चिमूटभर पूड जिभेवर ठेवायचा आणि टाळूला घासून बघायचा. एक कण जरी लागला, तरी सगळी साखर परत पाट्यावर. मग परत मलमलीच्या फडक्यातून चाळायची. या कामाला घाई चालत नाही. दंड भरून येतात, खांदा दुखतो, साखरेची धूळ नाकात जाते. मी भट्टीसमोर उभा राहून आयुष्य काढलं. कष्ट कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. तरी सांगतो, बिस्किटावर घालायची साखर करणं हे हलकं काम नाही.

सांगलीत वखारभागात आमची बेकरी होती. मागची भिंत हळदीच्या वखारीला लागून. हळदीचा मोसम सुरू झाला की पावालासुद्धा हळदीचा वास यायचा आणि गिऱ्हाइकं तक्रार करायची. मी तिथं भट्टी सांभाळायचो. जोतीराम आला तो त्र्याहत्तर साली, फौजेतून पेन्शन घेऊन. औंधजवळच्या एका वाडीचा. पल्टणीत तो लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. पुढं साहेब लोकांच्या मेसमध्ये गेला. बायको साळूबाई गावाकडची जमीन बघायची आणि हा सांगलीत एका खोलीत राहून आमच्याबरोबर पीठ मळायचा.

पहिल्याच दिवशी मी त्याला डिवचलं.

"फौजेत हुतास म्हनं. बंदूक धरलीस का कवा?"

"बंदूक धरणाऱ्यास्नी जेवाय कोण घालत हुतं? तू?" मळता हात न थांबवता तो म्हणाला. "उपाशी गड्याचा नेम लागत न्हाई, इलाही."

तेव्हापासून आमचं जमलं.

साहेबांच्या मेसमध्ये तो एक काम शिकला होता. फौजेत नाताळला बडा दिन म्हणतात. त्या दिवशी साहेबांच्या मुलांसाठी बिस्किटं करायची आणि त्यांवर साखरेची नक्षी काढायची. चांदणी, घंटा, झाड. गोव्याकडच्या एका म्हाताऱ्या हवालदारानं त्याला ते शिकवलं. अंड्यातलं पांढरं, बारीक साखर आणि लिंबाचे थेंब. काट्यानं फेटत राहायचं. भांडं उलटं धरलं तरी आतलं खाली पडता कामा नये, तोवर फेटायचं. याला ते आयसिंग म्हणत. मग कागदाच्या पुडीत भरायचं, पुडीचं टोक कापायचं आणि दाबून रेघ काढायची. रेघ तुटली तर ते बिस्कीट बाजूला.

पीठ मळताना तो त्या मुलांच्या गोष्टी सांगायचा.

"मेजरसाबची धाकटी नुसती घंटाच खायची. गुलाबी रंग दिसला की तोंड फिरवायची. आन् कॅप्टनचं पोरगं आदी सगळी साखर चाटायचं, मग कोरडं बिस्कीट खिशात. त्याच्या आईला धुताना गावायचं."

कोणत्या छावणीत कोणतं मूल काय खायचं, त्याला सगळं आठवायचं.

"आन् तुजी पोरगी?" मी एकदा विचारलं.

"राही? ती ल्हान हाय." त्यानं पिठाचा गोळा उलटा केला. मग म्हणाला, "न्हाई. आता मोठी झाली की."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात राहीचं लग्न झालं. कराडजवळ नदीकाठचं गाव, घरचा ऊस, जावई नाथाजी थट्टेखोर पण मनाचा चांगला. जोतीराम चार दिवस लग्नाला जाऊन आला आणि कामावर हजर झाला. राही जन्मली तेव्हा तो पठाणकोटला होता. ती चालायला लागली तेव्हा त्याच्याही पुढं कुठंतरी. वर्षाकाठी सुट्टीवर यायचा तो पाहुण्यासारखा. पेन्शन झाली तरी पोटासाठी सांगलीला आला, आणि आता मुलगी परघरी गेली. एका छपराखाली बापलेक सलग असे फार राहिलेच नाहीत.

दिवाळीला अजून तीन महिने होते. लेक-जावई पहिल्या सणाला वाडीवर येणार होते.

"सायबाच्या पोरांस्नी लय केली बिस्किटं," जोतीराम मला म्हणाला. "माज्या पोरीनं त्यातलं एक खाल्लेलं न्हाई. औंदा तिच्यासाठी करणार. आन् ती खाताना म्या समोर बसणार. बास."

साखर तेव्हा रेशनवर मिळायची. त्यानं श्रावणापासून चहात साखर घालणं बंद केलं. बिनसाखरेचा चहा पिताना तोंड असं करायचा की मला हसू यायचं.

"अरं, काढा पितोयस का च्या?"

"पी की तू ग्वाड. तुला कुठं लेक हाय?"

मला तीन मुलगे. मी माझा गोड चहा संपवला.

दिवाळीच्या आधी बेकरीत रीघ लागायची. घरोघरच्या बायका मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या. नानकटाई थापून पत्र्यावर लावायची आणि आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कोपऱ्यातल्या नानकटाईवर खूण करायची. कुणी लवंग टोचायची, कुणी वेलदोडा, कुणी डाळिंबाचा दाणा. पत्रे भट्टीबाहेर आले की भांडणं. "माजी लवंग हुती, ही कुणाची जळकी माज्या गळ्यात घालता?" त्या दिवसांत मालक अंड्यांची पाटी माळ्यावर ठेवून द्यायचे. फराळाच्या दिवसांत बेकरीत अंडं फुटायचं नाही. बायका आमच्यावर विश्वास ठेवून यायच्या त्या त्यामुळंच.

म्हणून जोतीरामनं साखरेचं काम आपल्या खोलीवर करायचं ठरवलं.

"फराळात अंडं?" मी त्याला विचारलं. "घरात चालतंय नव्हं?"

"चालतंय म्हंजे? सुट्टीवर गेलो की पयल्या दिशी कोंबडं, दुसऱ्या दिशी मटण. राहीच करायची. तिच्या हातचा रस्सा खाल्लास तर भट्टी सोडून वाडीवर ऱ्हायला येशील."

"मग ठीक हाय. बिस्किटावर काय काढणार? घंटा?"

"घंटा काय करायची तिला?"

"मग तिला काय आवडतंय?"

त्याचे हात पिठात होते. ते तसेच राहिले. पहिल्यांदाच मी त्याला मळताना थांबलेलं पाहिलं.

"पोरीस्नी काय," तो म्हणाला, "फुलंच आवडत्यात."

नानकटाई फुगते आणि वर भेगाळते. तिच्यावर नक्षी बसत नाही. त्यानं पातळ, सपाट बिस्किटं लाटली, वाटीनं कापली. पाव निघाल्यावर भट्टी उतरते, तेव्हा मी ती आत घातली. चढत्या आचेवर कडा करपतात आणि मध्ये कच्चं राहतं. उतरत्या आचेवर सारखी भाजतात. मी दारापासून हललो नाही. एकही करपलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो भिंतीला पाठ लावून भांडं मांडीत धरून बसला होता आणि काट्यानं फेटत होता. घामाचा थेंब भांड्यात पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. मी म्हणालो, दे इकडं, थोडं मी करतो. त्यानं दिलं नाही. आधी फेस पाण्यासारखा होता, मग दुधासारखा, मग दाट झाला. एकेक चमचा साखर पडत गेली. उजवा हात थकला की डावा. शेवटी त्यानं भांडं माझ्या डोक्यावर उलटं धरलं.

"पडलं तर ईदीला नवी टोपी घेतो तुला."

पडलं नाही. पांढरंशुभ्र, ताठ.

त्यानं तीन वाटग्यांत वाटलं. एकात बिटाचा रस, एकात वखारीतली चिमूटभर हळद, एक पांढरं. वरची साय वाळू नये म्हणून ओलं फडकं झाकलं. मग कागदाची पुडी. आधी पाकळ्या, एक दाबून थांबायचं, मनगट उचलायचं, पाकळी उभी राहायची. मग मध्ये हळदीचा ठिपका. इतकी जाड बोटं, पण सगळी फुलं सारखी. जी बिघडली ती त्यानं मला खायला दिली. दाताखाली कडक, आणि आत विरघळणारी. मी खाताना तो माझ्या तोंडाकडं बघत होता. राहीचं तोंड कसं होईल ते त्याला बघायचं होतं, हे मला कळत होतं.

वाळलेली फुलं एकमेकांवर ठेवली तर मोडतात. दोन पसरट डबे झाले. एसटीत दोन डबे सपाट धरायला दोन माणसं लागतात. बेकरीला पाडव्यापासून सुट्टी होती. मी त्याच्याबरोबर निघालो. विट्यापर्यंत उभ्यानं, पुढं बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर घेऊन बसलेला जोतीराम प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत होता आणि कंडक्टर विचारत होता, "काय हाय वो आत? दारूगोळा?"

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात सारवलेलं, दारात रांगोळी. नाथाजी ओसरीवर बसलेला. साळूबाईनं पाणी दिलं. राही आतल्या दारात उभी होती, नवी साडी, पदर डोक्यावर. बापासारखीच रुंद कपाळाची.

डबा उघडला. नाथाजी वाकून बघायला लागला.

"मामा, ह्यो साबण हाय का खायचं?"

"अंगाला लावून बगा," मी म्हणालो.

साळूबाई ताटली घेऊन आली. "जावयास्नी द्या आदी."

"न्हाई," जोतीराम म्हणाला. "आदी राही."

 त्या घरात बाईमाणसानं आधी खाल्लं असं कधी झालं नव्हतं. पुरुषांची पंगत उठायची, मग आत चुलीपाशी मायलेकी बसायच्या. राही लाजली. पुढं येईना.

"ये की गं. तुज्यासाठी केल्यात."

ती आली, खाली बसली. एक गुलाबी फूल उचललं. थोडी तिरकी वळून तिनं चावा घेतला. साखर कुडकन मोडली. तिचे डोळे मोठे झाले आणि ती हसली. अख्खं बिस्कीट तिनं संपवलं, बोटाला लागलेली साखरही चाखली. जोतीराम समोर मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर. इतका सुखी माणूस मी बेकरीत कधी पाहिला नव्हता.

"आबा, लय झ्याक झालंय वो," ती म्हणाली. "आन् ह्ये उभं कसं ऱ्हातंय?"

काम विचारलं की कामकरी माणूस सांगतोच. जोतीराम सरसावून बसला.

"त्याचीच तर सगळी मेहनत. अंड्यातलं पांढरं घ्यायचं. पिवळ्याचा टिपूस लागला तरी फुकट. मग फेटायचं..."

साळूबाईच्या हातातली ताटली खाली आली. राहीचा हात ओठांवर गेला. ती उठली आणि परसात निघून गेली. चुळा भरल्याचा आवाज यायला लागला. पुन्हा पुन्हा.

"काय झालं?" जोतीराम म्हणाला. "पित्त झालं का काय?"

साळूबाईनं ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, "आवं, तिनं वशाट सोडलंय."

आमच्या भागात मांस, मासे, अंडी या सगळ्याला वशाट म्हणतात.

"कवा?"

"लढाईच्या साली. तुमची पल्टण बंगालकडं गेली. दोन म्हैनं कागुद न्हाई. पाटलाच्या रेडूवर रोज मेलेल्यांचं आकडं. ही यमाईच्या डोंगरावर अनवाणी गेली. माजा बाप जित्ता येऊ दे, जल्मात वशाट खाणार न्हाई, म्हणाली. तवापास्नं शिवली न्हाई."

"पर रस्सा..." जोतीराम म्हणाला. "मी आलो की रस्सा तीच करायची."

"तुमच्यासाठी करायची. नाक दाबून. आपण भाकरी आन् ठेचा खायची."

"मला कुणी बोललं न्हाई."

"तुमी कवा इचारलं?" साळूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी जेवून हात धुवून भाईर जायचा. तिच्या ताटात काय हाय, कवा वाकून बघितलं?"

नाथाजी थट्टा विसरून गेला होता. हळूच म्हणाला, "आमच्या घरात समद्यास्नी म्हाईत हाय, मामा. पयल्याच दिशी तिनं सांगितलं."

सहा महिन्यांच्या सासरला ठाऊक होतं.

राही तोंड पुसत आत आली. रडलेली होती, पण बापाकडं बघून म्हणाली, "आसू द्या आबा. तुमाला म्हाईत न्हवतं."

एवढ्यानं त्याला बरं वाटलं असतं तर बरं झालं असतं. ते ऐकून तो उठला आणि गोठ्याकडं गेला.

सकाळी राही डोंगरावर जाऊन आली. पाय धुळीनं भरलेले. ओसरीवर येऊन तिनं बापाला नमस्कार केला आणि म्हणाली, "देवीफुडं बोलून आले. आता साखर सोडली."

"साखर?" नाथाजी उभाच राहिला. "अगं, आपल्या घरचा ऊस कारखान्याला जातोय आन् तू साखर सोडती?"

"गूळ खाईन की."

जोतीराम म्हणाला, "पोरी, मला काय झालंय का? हा बग, धडधाकट हाय मी. मोडला नवस तर मोडला."

"तुमाला काय व्हऊ नये म्हणूनच सोडली, आबा."

 दुसरा डबा त्यानं उघडलाच नाही. येताना एसटीत तो पुन्हा मांडीवर घेऊन बसला. खड्डे आले, पण तो ड्रायव्हरला काही बोलला नाही.

सांगलीला परत आल्यावर महिनाभर तो साखरेबद्दल बोलला नाही. मग एक दिवस गुळाची ढेप घेऊन आला.

गुळाच्या बाजारात तो असा फिरायचा जसा दुसरा कुणी बैलबाजारात फिरतो. ढेप नखानं टोकरायची, वास घ्यायचा, फोडून आतला रवा बघायचा. सगळ्यात पिवळा, सगळ्यात कडक गूळ आणायचा. किसून उन्हात घालायचा, पाट्यावर वाटायचा, मलमलीतून चाळायला जायचा. चाळला जात नसे. गूळ हवेतली ओल ओढतो. मलमलीची भोकं चिकटून बसायची. मग त्यानं पाक केला. गोळीबंद पाक, त्यात साय घालून फेटला. तांदळाची पिठी घातली. आरारूट घातलं. भट्टीच्या माथ्यावर ठेवून वाळवलं. थंडीच्या कोरड्या दिवसांत करून बघितलं. अंडं अर्थातच नाही. पुडीतून पाकळी निघायची, मनगट उचललं की क्षणभर उभी राहायची आणि मग माझ्या डोळ्यांदेखत बसायची. फूल पसरून डाग व्हायचा. तपकिरी डाग.

"खडीसाखर वापर की," मी एकदा म्हणालो. "ती कारखान्याची न्हवं."

"देवीला फशिवतो व्हय?" एवढंच बोलून त्यानं भांडं धुवायला घेतलं.

इतकी वर्षं इतक्या प्रकारांनी करून माणूस कंटाळतो. तो कंटाळला नाही. मला त्याच्या मेहनतीत एक चूक दाखवता आली असती तर मी दाखवली असती. चूक नव्हती. तो जे मागत होता ते गुळात नव्हतं.

एकोणऐंशीच्या दिवाळीला त्यानं मला पुन्हा वाडीवर नेलं. डबा एकच होता. गुळाची फुलं पसरूनच बसलेली, एकावर एक ठेवली तरी मोडायला त्यांत काही नव्हतं. राही आली होती. तिला आता मुलगी झालेली, रांगत होती. घरात एक गोष्ट बदललेली दिसली. पंगत मांडली तेव्हा राहीचं पान जोतीरामच्या शेजारी होतं. आत नाही, बाहेर. साळूबाई म्हणाली, आताशा असंच असतं. लेक आली की तिचं ताट वाढल्याशिवाय हे जेवाय बसत नाहीत.

जोतीरामनं आधी तिच्या ताटाकडं बघितलं. भाकरी, वांगं, ठेचा, गुळाची पोळी. एकेका जिनसावर त्याची नजर जाऊन थांबत होती. मग त्यानं आपला घास घेतला.

जेवण झाल्यावर डबा आला. राहीनं एक बिस्कीट उचललं, खाल्लं, तुकडा मोडून मुलीच्या तोंडात दिला. पोरीनं मिटक्या मारल्या.

"कसं झालंय?" जोतीरामनं विचारलं.

"ग्वाड झालंय, आबा."

"फूल वाटतंय का?"

राहीनं हातातल्या बिस्किटाकडं पाहिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"फूल कशाला पायजे?" ती म्हणाली. "ग्वाड हाय की."

तो हसला. तिनं दुसरं घेतलं, तेही संपवलं. तो समोर बसून होता, पूर्वीसारखा हात गुडघ्यांवर ठेवून. पण यावेळी तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता. डब्यात उरलेल्या बिस्किटांकडं बघत होता.

संध्याकाळी एसटीच्या फाट्यावर आम्ही उभे होतो. रिकामा डबा त्याच्या काखेत. डोंगरावरच्या देवळात दिवा लागला होता. बराच वेळ गाडी आली नाही.

"पसरलं रं," तो म्हणाला.

मी मान डोलावली आणि त्याच्या काखेतला डबा घेतला. काम जाणणाऱ्याला खोटं सांगून उपयोग नसतो.